‘रूप काय चाटायचंय?’

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी २९ वर्षांची, सीए, पुण्यात नोकरी. घरच्यांनी आणलेलं स्थळ. मुलगा इंजिनिअर, पगार साधारण हिच्याएवढाच, निर्व्यसनी, घरचे समजूतदार. दोनदा भेट झाली आहे. ती लिहिते : “फोनवर आम्ही तास तास बोलतो आणि मजा येते. समोर बसला की मात्र मी त्याच्या कपाळाकडे बघत राहते. केस मागे गेलेत, पोट थोडं सुटलंय, उंची माझ्यापेक्षा दोन बोटंच जास्त. आकर्षण वाटत नाही. आई म्हणते, रूप काय चाटायचंय? इतकं शिकून मी उथळच राहिले का? रविवारी परत भेटायचं आहे. त्याआधीच नकार कळवू का?”

उथळ नाहीस. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

आईचा राग करू नकोस. ते वाक्य तिला तिच्या आईकडून मिळालंय. पण आपल्याकडे त्याच्याही आधीचं एक सुभाषित आहे, लग्नाच्या पंगतीत भटजी हमखास म्हणून दाखवतात ते :

कन्या वरयते रूपं माता वित्तं पिता श्रुतम् ।
बान्धवाः कुलमिच्छन्ति मिष्टान्नमितरे जनाः ॥

मुलगी रूप बघते, आई पैसा बघते, वडील विद्या बघतात, भाऊबंद कूळ बघतात आणि बाकीच्यांचं लक्ष जिलबीकडे. लोक मिष्टान्नाला हसतात आणि पहिला चरण तसाच सोडून देतात. मुलीला डोळे असतात हे जुन्यांना चांगलं ठाऊक होतं. ते डोळे काय सांगतात हे तिला विचारायची रीत तेवढी नव्हती. आठव्या-दहाव्या वर्षी बोहल्यावर चढवलेल्या पोरीला काय विचारणार? मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलेलं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला, १८८४ साली नवरा कोर्टात गेला. त्यांनी कोर्टात जी कारणं दिली त्यांत नवऱ्याची गरिबी होती, तो ज्यांच्या आश्रयाने राहत होता त्या नातेवाइकाचं वागणं होतं, आणि नवऱ्याची प्रकृतीही होती. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा. त्या तुरुंगाला तयार झाल्या. पुढच्या वर्षी तडजोड झाली, नंतर लंडनला जाऊन त्या डॉक्टर होऊन आल्या. त्यांचा मुद्दा रूपाचा नव्हता, हे मला माहीत आहे. पण ‘हा माणूस मला नको’ एवढं म्हणायला एका शिकलेल्या मराठी बाईला काय मोजावं लागलं, हे तू नकार कळवायच्या आधी एकदा आठवावंस असं वाटलं. नकार देऊ नकोस असं सुचवत नाहीये. तुझ्या ‘नको’ला किंमत आहे, म्हणून तो नीट तपासून वापर, इतकंच.

आता माझ्या कामातलं सांगते. समुपदेशन सुरू करण्याआधी मी काही वर्षं एका वधूवर सूचक केंद्रात फॉर्म तपासून फायलीला लावायचं काम करायचे. त्या काळात मुलींच्या फॉर्मवर ‘अपेक्षा’ या रकान्यात बहुतेक वडिलांचं अक्षर असायचं. पदवीधर, कायम नोकरी, पुण्या-मुंबईत स्वतःची जागा. मुलांच्या फॉर्मवर मात्र गोरी, सडपातळ, नाकीडोळी नीटस. म्हणजे रूप ही मुलीने आणायची वस्तू आणि पगार ही मुलाने. आता मुली फॉर्म स्वतः भरतात, तरी दिसण्याबद्दल एक अक्षर लिहीत नाहीत. लिहितात काय, तर ‘अनुरूप’. या शब्दात रूप बसलेलंच आहे, पण ते कोणी उच्चारत नाही.

नकार कळवतानाही तसंच. पूर्वी ‘पत्रिका जुळत नाही’ किंवा ‘योग नाही’ म्हणायचे. आता ‘वेव्हलेंग्थ जुळली नाही’, ‘क्लिक झालं नाही’ म्हणतात. मी कोणाला खोटं ठरवत नाही. पण दार लावून घेतलं आणि जरा वेळ गप्प बसले, की बऱ्याच जणी शेवटी म्हणतात, “मॅडम, खरं सांगू का? तो मला आवडलाच नाही बघताना.” हे म्हणताना चोरी केल्यासारखा चेहरा करतात. मुलगा हेच कारण सांगतो तेव्हा त्याला काही वाटत नाही; त्याच्या मागे उभी असलेली आत्याही मान डोलावते.

शिकलेल्या, कमावत्या मुली दिसण्यावरून जास्त का अडतात, याचं माझं उत्तर साधं आहे. घरभाडं, किराणा, मुलांची फी हे सगळं नवऱ्याच्या पगारातून यायचं होतं, तेव्हा त्याचं दिसणं ही चैन होती. बाईने पोट भरायची सोय बघायची की कपाळ बघायचं? आज तुझा पगार तुझ्या खात्यात जमा होतो. नवऱ्याकडून जे हवं ते पगाराने विकत घेता येण्यासारखं राहिलेलं नाही : सोबत, आदर, हसणं, आणि शरीराची जवळीक. यादीतून पैसा खाली सरकला की रूप आपोआप वर दिसू लागतं. नवीन काही उगवलेलं नसतं. वरचा बोजा तेवढा उतरलेला असतो.

आणि आकड्यांचं म्हणशील तर त्यात एक गंमत आहे. डेव्हिड बस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८९ साली ३७ वेगवेगळ्या समाजगटांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांची उत्तरं प्रसिद्ध केली. त्यात भारतही होता. सगळीकडे पुरुषांनी दिसण्याला बायकांपेक्षा जास्त महत्त्व दिलं आणि जवळजवळ सगळीकडे बायकांनी कमाईच्या क्षमतेला पुरुषांपेक्षा जास्त. हे वाक्य लोक तोंडपाठ म्हणतात. पण त्याच अभ्यासात दोघांच्याही यादीत सर्वांत वर होता तो समजूतदारपणा आणि बुद्धी, हे कोणी सांगत नाही. शिवाय ही सगळी कागदावरची उत्तरं. लोक समोरासमोर आले की काय करतात? मिनेसोटा विद्यापीठातल्या, १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पहिल्या वर्षाच्या ७५२ विद्यार्थ्यांना सांगितलं गेलं की नाचाच्या कार्यक्रमासाठी कॉम्प्युटरने तुमच्या जोड्या जुळवल्यात. खरं म्हणजे जोड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या लावलेल्या होत्या. नाचाच्या मध्यंतरात विचारलं, जोडीदार आवडला का, पुन्हा भेटाल का? ना बुद्धीच्या चाचणीचे गुण उपयोगी पडले, ना स्वभावाचे. फरक पडला तो दिसण्याने, आणि मुलांइतकाच मुलींच्या बाबतीतही. २००८ मध्ये ईस्टविक आणि फिंकेल या दोन संशोधकांनी काही मिनिटांच्या भेटींचा असाच प्रयोग प्रसिद्ध केला. आधी लिहून दिलेल्या अपेक्षांत मुलगे आणि मुली वेगळे होते. प्रत्यक्ष भेटीत कोण आवडलं हे बघितलं, तर दोघंही दिसण्याला सारखेच भुलले. कोण काय लिहितंय त्यावरून कोण कोणाला हो म्हणेल, हे सांगता येत नव्हतं.

म्हणजे तुझ्या बाबतीत घडतंय ते अगदी सर्वसाधारण आहे. पण या दोन्ही प्रयोगांतली निरीक्षणं पहिल्या भेटीची आहेत, हे लक्षात ठेव. पुढे लागेल.

आपल्याकडची एक गोष्टही सांगून ठेवते, म्हणजे रूपाला अवाजवी दोष जाणार नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या बंगाली वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिराती आणि त्यांना आलेली पत्रं तपासली. तो अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. त्यांच्या एका हिशोबात मुलाकडचे लोक आपल्याच जातीतल्या मुलीला जे झुकतं माप देत होते, ते ‘अतिशय सुंदर’ आणि ‘बरी’ यांच्यातल्या फरकाच्या दुप्पट होतं. मुलीकडच्यांचं बघायचं, तर जातीबाहेर जायला नको म्हणून ते मुलाच्या शिक्षणात अशिक्षित ते एमए इतकी तडजोड करायला तयार होते. रूपावरून मुलीला उथळ म्हणणारे घरचे लोक पोटजातीच्या रकान्यावर काय खोल विचार करत असतात, ते मी रोज बघते.

बरं. तू ‘दिसणं’ म्हणतेस त्यात चार गोष्टी मिसळल्यात. त्या सोडवून बघू.

पहिली उंची. हा माझा आवडता विषय आहे, कारण यात शुद्ध गणित आहे आणि सीए मुलींनासुद्धा ते सुचत नाही. भारतीय पुरुषाची सरासरी उंची साधारण पाच फूट पाच इंच भरते, बायकांची पाच फुटांच्या आसपास. पाच फूट चार इंचांची मुलगी सरासरीहून चांगलीच उंच असते. तिने ‘किमान पाच-दहा हवा’ असं लिहिलं की देशातले फार थोडे पुरुष शिल्लक राहतात. मग त्यांतून वय, शिक्षण, शहर, पोटजात, मंगळ. तीन वर्षांनी आई रडत माझ्याकडे येते की स्थळंच येत नाहीत. येतील कुठून? इंच कोणी कमी करत नाही. ॲपवर उंचीची पट्टी सरकवायला एक बोट लागतं, आणि पट्टीपलीकडचा माणूस कधी दिसतच नाही. तुला निदान तो दिसला तरी. तो तुझ्याहून दोन बोटं उंच आहे असं तूच लिहिलंयस. यात अडचण नेमकी काय आहे? टाचेची चप्पल घालता येणार नाही ही? की फोटोत शोभत नाही ही? उत्तर दे, पण स्वतःला.

दुसरी गोष्ट केस. त्यांच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तिशीत अनेकांचे जातात, बऱ्याचदा घराण्यातूनच येतं, आणि त्यात माणसाचा दोष नसतो. आज दाट केस असलेला नवरा चाळिशीत तसाच राहील याची हमी कोणी देत नाही. रंगाबद्दल तू काही लिहिलं नाहीस, बरं वाटलं. एका मोठ्या विवाह-संकेतस्थळाने २०२० मध्ये त्वचेच्या रंगाची चाळणी काढून टाकली तेव्हा मी मैत्रिणीला पेढे दिले होते. मनातली चाळणी निघायला वेळ लागेल.

तिसरी गोष्ट पोट. इथे मात्र मी तुझ्या बाजूने आहे, आणि कारण सौंदर्याचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुली पोटाकडे बघून जे वाचतात ते असं असतं : हा स्वतःची काळजी घेतो का? आईच्या हातचं खाऊन सोफ्यावर बसतो की चालायला जातो? पंचेचाळिसाव्या वर्षी याला साखर झाली तर पथ्य याचं आणि धावपळ माझी का? दात पिवळे, नखं वाढलेली, शर्टाला घामाचा वास, बोलताना तोंडाला मसाल्याच्या सुपारीचा वास : ही रूपाची गोष्टच नाही, सवयींची आहे. पण ती डोळ्यांतून आणि नाकातून आत येते म्हणून आपण तिला रूप म्हणतो. एका मुलीने फार छान सांगितलं होतं : “मॅडम, तो सुंदर नसला तरी चालेल, पण आरशात बघून आलेला असावा.” यातलं बरंचसं सुधारतं, आणि स्पष्ट सांगता येतं. लग्न ठरायच्या आधी जो हे ऐकून घेतो तो पुढेही ऐकतो. जो रागावतो, त्याने तुझं काम सोपं केलं.

चौथी गोष्ट बोलायला मला थोडी कठीण जाते, कारण इथे मला मुलींना टोकावं लागतं. ‘दिसायला ठीक नाही’ या शब्दांखाली कितीतरी वेळा ‘आमच्यातला वाटत नाही’ हे दडलेलं असतं. चपला, पँटची लांबी, इंग्रजीतला उच्चार, ‘मी जेवण केलो’ अशी वाक्यरचना, कॉफी मागवताना झालेला गोंधळ. लातूर, सोलापूरकडची, एम.टेक. झालेली, आयुष्यात स्वतःच्या बळावर वर आलेली मुलं मी या कारणाने नाकारली जाताना बघितलीत, आणि कारण म्हणून सांगितलं जातं ‘पर्सनॅलिटी नाही’. पर्सनॅलिटी म्हणजे पुण्याच्या डेक्कनवर वाढलेलं असणं नव्हे. तुझ्या प्रश्नात हे दिसत नाही, पण फोनवर तो आवडतो आणि समोर नाही, म्हणून विचारून ठेवते. फोनवर कपडे दिसत नाहीत.

आता तुझ्या कोड्याकडे येते, कारण तू स्वतःच उत्तराचं अर्धं टोक लिहून पाठवलं आहेस. फोनवर तास जातो. समोर कपाळ दिसतं.

आपल्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला मी लहानपणापासून हसत आले, पण त्याची घडण बघितली तर ती रूपाला सगळ्यात जास्त मोठं करणारी आहे. अनोळखी दोन माणसं, समोरासमोर खुर्च्या, आजूबाजूला सात जण, वेळ अर्धा तास, आणि शेवटी निकाल द्यायचा. अशा वेळी डोळ्यांशिवाय कोणती इंद्रियं काम करणार? कॅफेतली भेट म्हणजे तोच कार्यक्रम, फक्त पोह्यांचे पैसे आपण भरायचे. ॲप तर त्याच्याही पुढे गेलं. तिथे माणसाआधी फोटो येतो, आणि फोटो फिल्टर लावून. आपल्या दमयंतीचं आठव. स्वयंवरात पाच सारखेच नल बसलेले. चार देव आणि एक माणूस. देवांना घाम नाही, पापणी हलत नाही, माळेतली फुलं कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. तिने घाम आलेला, धूळ लागलेला, पापणी हलणारा ओळखला आणि त्यालाच माळ घातली. आजच्या ॲपवर चार देवांनाच जास्त पसंती येईल.

नजरेला सवय लागते, हे अगदी शब्दशः खरं आहे. पिट्सबर्ग विद्यापीठात मोरलँड आणि बीच यांनी १९९२ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दिसायला साधारण सारख्या चार मुली एका वर्गात येऊन नुसत्या बसायच्या, कोणाशी बोलायच्या नाहीत. एक पंधरा तासांना आली, एक दहा, एक पाच, आणि चौथी एकदाही नाही. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना चौघींचे फोटो दाखवले. जी जास्त वेळा आलेली, ती जास्त आकर्षक वाटली, आणि विद्यार्थ्यांना ती कुठे पाहिली हे धड आठवतही नव्हतं. २०१५ मध्ये हंट, ईस्टविक आणि फिंकेल यांनी १६७ जोडप्यांचा अभ्यास केला. भेटल्याबरोबर लगेच जुळलेल्या जोड्या दिसण्यात एकमेकांच्या तोडीस तोड निघाल्या. जे आधी बराच काळ एकमेकांना ओळखत होते, ज्यांची आधी मैत्री होती, त्यांच्यात हा मेळ बराच सैल होता. म्हणजे ‘हिला हा कुठे मिळाला’ असं ज्यांच्याकडे बघून शेजारीण म्हणते, ती जोडी बहुधा कॉलेजच्या नाटकात, ट्रेकच्या ग्रुपमध्ये किंवा ऑफिसच्या त्याच मजल्यावर जमलेली असते. ओळखीच्या माणसाचं रूप आपण नुसत्या डोळ्यांनी बघतच नाही. त्याचा विनोद, त्याने कधीतरी केलेली मदत, रिक्षावाल्याशी बोलायची त्याची पद्धत, सगळं त्या चेहऱ्यावर चढत जातं.

यावरून ‘लग्न कर, प्रेम होईल’ असं मी म्हणतेय, असं समजू नकोस. ते वाक्य मला आईच्या वाक्याहून जास्त धोक्याचं वाटतं. सवयीने उदासीनता वितळते. किळस वितळत नाही. या दोन गोष्टी एकाच ‘आकर्षण नाही’मध्ये बांधून मुली माझ्याकडे येतात, आणि माझं निम्मं काम ती गाठ सोडवण्याचं असतं.

उदासीनता अशी असते : तो समोर आहे, ठीक आहे, पोटात फुलपाखरं वगैरे काही नाहीत, पण त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला तर बोटाला बोट लागल्याचं काही वाटत नाही. किळस अशी : तो पुढे झुकला की अंग आपोआप मागे जातं. त्याच्या ताटातलं उचलून खायची कल्पना नको वाटते. त्याचा वास नको वाटतो, स्वच्छ असूनही. हे दुसरं असेल तर पगार, घराणं, स्वभाव, काहीही असू दे, थांब. अशी लग्नं ‘मुलगा चांगला आहे’ म्हणून झालेली मी बघितली आहेत. वर्ष-दोन वर्षांनी दोघंही माझ्यासमोर बसतात. ती म्हणते माझं डोकं दुखतं, तो म्हणतो माझ्यात काय कमी आहे. त्या मुलाचा काय गुन्हा? कोणाला तरी आपण मनापासून हवेसे वाटावं, हा त्याचाही हक्क आहे. दयेने केलेलं लग्न हा त्याच्यावरही अन्याय आहे, आणि चांगल्या मुलावर तर जास्तच.

या दोहोंच्या मध्ये आणखी एक असतं, आणि गेल्या दहा वर्षांत मी ते वाढताना बघतेय. लाज. मुलीला स्वतःला तो चालतो, पण मैत्रिणींसमोर उभा करायची लाज वाटते. साखरपुड्याचे फोटो पडतील, खाली हृदयाची चिन्हं पडतील, आणि एखादी फोन करून म्हणेल, “छान आहे गं... स्वभावाने.” एक मुलगी, तपशील बदलून सांगते, सहा महिने एका मुलाला भेटत होती. सिनेमा, डोंगर, त्याच्या बहिणीचा वाढदिवस, सगळं झालं होतं. होकार मात्र निघत नव्हता. मी विचारलं, समजा तुम्ही दोघं उद्या अशा गावी राहायला गेलात जिथे तुला ओळखणारं कोणीच नाही, तर? ती पटकन म्हणाली, “मग काय प्रश्नच नाही.” आणि मग स्वतःच गप्प झाली. तिचा निर्णय काय झाला ते सांगत नाही, कारण त्याने तुझ्यावर उगीच दडपण येईल. पण तो प्रश्न मी तेव्हापासून सगळ्यांना विचारते. तूही स्वतःला विचार. फोनवर तास जातो आणि कपाळ बघताना अडखळायला होतं, तेव्हा ते कपाळ तुझ्या डोळ्यांनी बघतेस की ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावरच्या सहा जणींच्या?

उत्तर काहीही आलं तरी लाज वाटून घेऊ नकोस. मैत्रिणींचे डोळे आपल्यात शिरतात, सगळ्यांच्याच शिरतात. माझ्या लग्नात माझ्या मावसबहिणीने नवऱ्याच्या कानांवरून विनोद केला होता, तो मला अजून आठवतो. कान तसेच आहेत.

तर रविवारचं. त्याआधी नकार कळवू नकोस, आणि होकारही मनात ठरवून जाऊ नकोस. दोन भेटी कमी आहेत. मी किमान चार-पाच सांगते, आणि त्या वेगवेगळ्या जागी. कॅफेत समोरासमोर बसलं की ती मुलाखत होते. नजरेला चेहऱ्याशिवाय दुसरीकडे जायला जागा नसते. शेजारी चालता येईल अशा ठिकाणी जा. तळजाई आहे, पर्वती आहे, सकाळी सातला वेताळ टेकडीवर कोणी ओळखीचं भेटलंच तर भेटू दे, तेवढीच लाजेची परीक्षा होईल. पर्वतीच्या पायऱ्या चढताना त्याचं पोट किती अडचणीचं आहे तेही कळेल, आणि तो त्यावर स्वतः हसतो की चिडतो तेही. एखाद्या भेटीत मंडईत भाजी घ्या. कुठेतरी रांगेत उभे राहा. कंटाळा आल्यावर माणूस कसा दिसतो, हे बघणं गोड बोलताना कसा दिसतो त्यापेक्षा उपयोगाचं आहे.

चालताना स्वतःच्या अंगाकडे लक्ष दे, त्याच्या कपाळाकडे नाही. रस्ता ओलांडताना तो जवळ आला तर तू सैल राहतेस की आक्रसतेस? घरी परतल्यावर त्याची आठवण येते तेव्हा आवाज येतो की चेहरा? चेहरा येत असेल तर त्यावर कोणता भाव असतो? या गोष्टी वहीत लिहून काढ. तुझ्या धंद्यात नोंद ठेवायची सवय असेलच. तीन-चार भेटींनंतर नोंदी वाच. अंग आक्रसणं कायम असेल किंवा वाढत असेल, तर सरळ नकार कळव, आणि ‘योग नाही’ एवढंच म्हण. त्याच्या केसांबद्दल, पोटाबद्दल मध्यस्थांकडे एक शब्द काढू नकोस. तो शब्द फिरत फिरत त्याच्या पुढच्या दहा स्थळांपर्यंत जातो. आणि आक्रसणं नसेल, पण कपाळही अधूनमधून दिसत असेल, तर अजून दोन भेटी घे. घरच्यांनी तारखेची घाई केली तर माझं नाव सांग.

आईला एक विचार. तिने बाबांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला काय वाटलं होतं? स्वयंपाक चालू असताना विचार, समोर बसवून नको. ‘काय वाटायचं होतं, वडिलांनी ठरवलं’ असं म्हणून ती कणीक मळत राहील. थांब थोडी. पोळ्या संपेपर्यंत काहीतरी सांगेल, आणि त्यात रूप असेल.

रविवारी जाताना साधे बूट घाल. आणि निदान त्या दिवशी फोटो काढू नका.